बादलीतलं खत: घरच्या कंपोस्टमध्ये काय टाकावं, काय टाकू नये

आमच्या गॅलरीतल्या बादल्या पाहून सोसायटीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "काकू, शिळा भात टाकला तर चालतो का?" मागोमाग लिंबाच्या सालींचं विचारतात, मग अंड्याच्या टरफलांचं, कोळंबीच्या सालांचं, देवघरातल्या निर्माल्याचं. पुण्यात दुसऱ्या मजल्यावर राहून गेली नऊ वर्षं आम्ही चौघांच्या घरचा ओला कचरा गॅलरीतच जिरवतो आहोत. तरी या प्रश्नांना एका शब्दात उत्तर देणं मला अजून जमत नाही. काही गोष्टी कधीच टाकायच्या नाहीत, त्या मी पुढे सांगणारच आहे. बाकी सगळ्यांचं उत्तर असं असतं की चालतं, पण किती टाकता, केवढं बारीक करता आणि वरून काय पांघरता त्यावर.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना हे 'पण' कुणी नीट समजावून सांगत नाही. मग पहिल्याच महिन्यात वास सुटतो, घरात कुरबुर होते आणि बादली अडगळीत जाते. तसं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

कुजणं वेगळं, सडणं वेगळं

आपण हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो, पण खत करताना त्यांतला फरक धरून ठेवा. हवा खेळती असली की कचरा कुजतो. त्याला ओल्या मातीचा वास येतो, आणि हात लावला तर आतून कोमट लागतो. हवा कोंडली की तोच कचरा सडतो, पाणी सुटतं, घाण वास येतो. हवेत जगणारे जिवाणू आणि हवेविना जगणारे जिवाणू वेगळे असतात. आपल्याला पहिल्या जातीचे सांभाळायचे आहेत. कचराडेपोत ओला कचरा प्लॅस्टिकसकट दाबला जातो तेव्हा दुसऱ्या जातीचे जिवाणू माजतात आणि मिथेन तयार होतो. डेपोला लागणाऱ्या आगींना हा वायूही इंधन पुरवतो.

या जिवाणूंना हवा आणि ओल लागते, शिवाय कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही लागतात. भाजीची सालं, देठ, चहाचा चोथा यांत नायट्रोजन जास्त असतो. वाळलेली पानं, पुठ्ठा, नारळाच्या शेंड्या यांत कार्बन जास्त असतो. एक भाग नायट्रोजनला २५ ते ३० भाग कार्बन असला की काम झपाट्याने होतं. नुसत्या भाजीच्या कचऱ्यात हे प्रमाण साधारण १५ ते २० असतं, वाळक्या पानांत ५० किंवा त्याहून जास्त, लाकडाच्या भुशात तर ३०० च्याही वर. म्हणून नुसता स्वयंपाकघरातला कचरा साठवला तर तो हमखास सडतो आणि नुसता पाचोळा साठवला तर तो वर्षभर तसाच राहतो. घरी हिशेब अगदी सोपा ठेवा: एक वाटी ओल्या कचऱ्याला दीड ते दोन वाट्या कुस्करलेला पाचोळा.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात इंग्रज शेतीतज्ज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी ओल्या-सुक्याचे थर रचून, ढीग उलटापालटा करून खत करायची पद्धत बसवली. ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी विटांचं, चारी बाजूंनी भोकं ठेवलेलं टाकं बांधून थोडक्या शेणात पुष्कळ खत करून दाखवलं. त्यांच्या नावावरूनच त्याला 'नाडेप' म्हणतात. नाडेपच्या भिंतीतली भोकं हवेसाठी असतात. आपण बादलीला भोकं पाडतो तीही त्याचसाठी.

बादली आणि ढीग यांत फरक आहे

'काय चालतं' याच्या बऱ्याच याद्या शेतातल्या किंवा बागेतल्या मोठ्या ढिगासाठी लिहिलेल्या असतात. साधारण एक मीटर लांब, रुंद आणि उंच ढीग झाला की आतलं तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतं. त्या उष्णतेत तणांचं बी मरतं, रोगजंतू मरतात. आपली २०–२५ लिटरची बादली कोमट होते, पण एवढी तापत नाही. आतली ऊब तिच्या पातळ भिंतींतून निघून जाते. त्यामुळे शेतातल्या ढिगात जिरून जाणाऱ्या कितीतरी गोष्टी बादलीत त्रास देतात. पुढे मी 'नको' म्हटलं असेल तर ते गॅलरीतल्या बादलीसाठी आहे हे लक्षात ठेवा.

पहिल्या दिवशी काय करायचं

१. चार भांडी घ्या. एक भरायचं, तीन मुरत ठेवायची. रंगाच्या धुतलेल्या बादल्या, मातीचे माठ, मोठ्या कुंड्या, काहीही चालेल. आमच्याकडे रोज अर्धा किलोच्या आसपास ओला कचरा निघतो आणि एक बादली साधारण महिन्याभरात भरते. कचरा रोज खाली बसत असतो, म्हणून वाटते त्यापेक्षा ती जास्त दिवस पुरते.

२. बादलीच्या तळाला दहा-बारा आणि बाजूंना चार-चार बोटांवर, पेन्सिल जाईल एवढी भोकं पाडा. बादली दोन विटांवर ठेवा आणि खाली जुनी परात सरकवा. परातीत पाणी साचू देऊ नका, डास होतात. थोडी कोरडी माती पसरून ठेवली की पुरतं.

३. कचरा टाकायच्या आधी पाचोळा जमवा. ही पायरी वगळून सुरुवात केली तर आठवड्यात वास येणारच. फेब्रुवारी ते एप्रिल पानगळ असते, तेव्हा रस्ता झाडणाऱ्या ताईंना सांगून ठेवलं तर त्या पोतं भरून देतात. नाहीतर कित्येक ठिकाणी ती पानं पेटवली जातात. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, शिरीष यांची बारीक पानं सर्वांत चांगली. आंबा, साग, फणस यांची जाड पानं पायाखाली तुडवून मगच घ्या, ती कुजायला फार वेळ लागतो. पानं मिळत नसतील तर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वापरा. रसवंतीवरची उसाची चिपाडं खडखडीत वाळवून, तोडून घेतली तरी छान चालतात. ओली टाकलीत तर मुंग्यांची रांग लागेल.

४. तळाशी चार बोटं जाड पाचोळा किंवा नारळाच्या शेंड्या अंथरा. त्यावर विरजण घाला. विरजण म्हणजे कुणाकडचं तयार खत मूठभर, किंवा शेणाचा गोळा पाण्यात कालवून, किंवा वाटीभर आंबट ताक पाणी घालून. विकतची कल्चर पावडर (जिवाणूंची पूड) घेतली तर बिघडत काहीच नाही, पण तिच्याविना अडतही नाही.

५. रोजचा कचरा पाणी निथळवून, बोटाच्या पेराएवढा चिरून टाका आणि वरून पाचोळा असा घाला की कचरा दिसताच कामा नये. ही एक सवय पाळली तर निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

६. आठवड्यातून दोनदा खुरपं किंवा काठी घालून खालचं वर करा. मूठभर कचरा हातात घेऊन दाबा. बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर आहे. धार लागली तर पाचोळा घाला, चुरा होऊन पडला तर पाणी शिंपडा.

हे बिनधास्त टाका

पालेभाज्यांचे देठ, मेथीच्या काड्या, कोबी-फ्लॉवरची बाहेरची पानं, दुधी-दोडक्याच्या साली, मटारची टरफलं, केळ्याच्या साली, कलिंगडाच्या साली (चिरून, कारण त्यांना पाणी फार सुटतं), भुईमुगाची टरफलं, शेवग्याच्या शेंगांचा चावून उरलेला चोथा. दळण चाळून उरलेला कोंडा. कडधान्याला कीड लागली असेल तर तीही, भरडून. केस आणि नखंसुद्धा कुजतात, फक्त सावकाश.

चहाचा चोथा उत्तम आहे, पण आपण दूध-साखर घालून उकळतो, त्यामुळे तो तसाच टाकला तर मुंग्या येतात. गाळण्यातच नळाखाली धरून दाबून घ्या. टी-बॅग फोडून आतली पूड टाका. पिशवीत बहुतेकदा प्लॅस्टिकचा धागा असतो, म्हणून ती वेगळी काढा.

भाजी आणतो तेव्हा तिच्याबरोबर जे येतं त्यावर लक्ष ठेवा: कोथिंबिरीच्या जुडीचं रबर, सफरचंद-किवीवरचे स्टिकर, पालकाच्या जुडीची प्लॅस्टिकची दोरी. माझ्या पहिल्या वर्षीच्या खतात स्टिकर जसेच्या तसे, वरचा क्रमांक वाचता येईल असे निघाले. तेव्हापासून फळं घरात आली की आधी स्टिकर काढायचे हा नियम झाला.

चालतं, पण जपून

*शिळं अन्न.* आधी ते उरू नये हे बघावं. फोडणीची पोळी आणि फोडणीचा भात आपल्याकडे काही उगाच आलेले नाहीत. तरीही राहिलं, आंबलं, तर दिवसाला मूठभर बादलीत जिरतं. पोळीचे तुकडे करा, भात मोकळा करून पाचोळ्यात कालवा. शिजलेलं अन्न मऊ असतं, त्याचा गोळा होतो आणि गोळ्याच्या पोटात हवा शिरत नाही. त्यात मीठही असतं. कुंडीसारख्या लहान जागेत तेच खत पुन्हा पुन्हा घातलं तर ते मीठ साचून मुळांना बाधतं. तेल प्रत्येक कणाभोवती पातळ थर धरतं आणि हवा अडवतं. म्हणून आमटी-रस्सा गाळून फक्त फोडी टाका. लोणचं, पापड, तळणीचं उरलेलं तेल नकोच.

हे मी अनुभवाने शिकले. तिसऱ्या वर्षी घरी सत्यनारायण होता आणि दोन किलोच्या आसपास मसालेभात उरला. दमले होते, वाटायला उशीर झाला, सकाळी तो आंबलेला. अर्ध्या भरलेल्या बादलीत मी तो सगळा ओतला. तिसऱ्या दिवशी वास शेजारच्या घरात पोहोचला आणि बादलीत अळ्या वळवळायला लागल्या. मला फार अपराधी वाटलं. अन्न वाया गेलंच होतं, वर शेजाऱ्यांनाही त्रास झाला. मग गच्चीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरून सगळी बादली पालथी केली, गोळे हाताने फोडले, दुप्पट पाचोळा मिसळला, अर्धा दिवस पसरून ठेवलं आणि संध्याकाळी परत भरलं. दोन दिवसांत वास गेला. तुमच्या बादलीचं असं काही झालं तर ती फेकून देऊ नका, याच रीतीने ती सावरते.

*लिंबू, मोसंबी, संत्रं.* यांच्या सालींतलं तेल जिवाणूंना थोडं अडवतं, पण आठवड्याला पाच-सहा लिंबांनी काही बिघडत नाही. घरात रोज रस निघत असेल तर साली उन्हात वाळवून कुस्करून टाका. गांडुळांचं खत करत असाल तर मात्र लिंबूवर्गीय साली, कांदा, लसूण आणि मिरची यांपासून गांडुळांना दूर ठेवा. साध्या बादलीत कांद्या-लसणाची फोलपटं खुशाल टाका, ती पाचोळ्याचंच काम करतात.

*अंड्याची टरफलं.* धुऊन, उन्हात वाळवून, जुन्या खलबत्त्यात पूड करून टाका. तुकडे टाकलेत तर वर्षाने तुकडेच निघतील. न धुता टाकली तर आतला बलक वास मारतो.

*नारळ.* शेंड्या घाला, त्या ओल धरतात आणि हवाही खेळवतात. करवंटी मात्र कित्येक वर्षं कुजत नाही. तिचे तुकडे कुंडीच्या तळाशी घाला, पाण्याचा निचरा होतो. नासका नारळ निघाला तर खोबरं खवून, थोडं थोडं करून टाका.

*कोयी आणि बिया.* मे महिन्यात बादलीत आंब्याच्या कोयी पडल्या की जूनमध्ये त्यांतून तांबूस पानांचं रोप डोकं वर काढतं. पपई, टोमॅटो, भोपळा, मिरची यांचंही तसंच. बादली तापत नाही म्हणून बी मरत नाही. रोप दिसलं की उपटून तिथेच गाडलं तरी झालं. कोयी मी बादलीत टाकत नाही. धुऊन वाळवून ठेवते. पावसाळ्यात रोपं करणारे लोक त्या आनंदाने नेतात. फणसाची चारखंडं (गरे काढून उरलेली काटेरी सालं) आणि मक्याची दाणे काढलेली कणसं बादलीपेक्षा अंगणातल्या खड्ड्यात बरी. फ्लॅटमध्ये ती जागा अडवतात आणि चिरताना हात दुखतात, एवढं करून तीन महिन्यांनी अर्धी तशीच निघतात.

*दूधदुभतं.* नासलेलं ताक वाटीभर चालतं, ते विरजणाचंच काम करतं. दूध, पनीर, तूप, बेरी नको.

मासे आणि मटण

कोकणात मासे धुतलेलं पाणी माडाच्या बुंध्याशी ओततात, डोकी-काटे झाडाजवळ पुरतात, आणि झाडाला ते मानवतं. मग बादलीत का नको? कारण तिथे जमीन आहे. खोल मातीखाली वास अडतो आणि खालचे जीव ते सावकाश खातात. बादलीत प्रथिनं फुटून अमोनिया आणि गंधकाचे वायू सुटतात. मांजर झाकण पाडतं, उंदरांना पत्ता लागतो. अंगण असेल तर दीड फूट खोल खड्डा करून पुरा आणि वर दगड ठेवा, कुत्री उकरणार नाहीत. फ्लॅटमध्ये हाडं, काटे, कोळंबीची सालं कागदात गुंडाळून त्याच सकाळी ओल्या कचऱ्याच्या गाडीत द्या. रविवारच्या मटणाची हाडं सोमवारपर्यंत साठवायची असतील तर फ्रीझरमध्ये घट्ट डब्यात ठेवा.

निर्माल्य

इथे खताच्या शास्त्राइतकाच घरातल्या माणसांच्या मनाचा प्रश्न असतो. देवाला वाहिलेली फुलं भाजीच्या सालींबरोबर टाकायची हे माझ्या सासूबाईंना पटेना, आणि ते मला चुकीचं वाटलं नाही. म्हणून निर्माल्यासाठी वेगळी कुंडी केली. तिच्यात फुलं, दूर्वा, बेल, तुळस आणि वर पाचोळा, एवढंच. तिचं खत तुळशीवृंदावनात आणि जास्वंदीला जातं. पुढच्या वर्षी त्या जास्वंदीचं फूल पुन्हा देवाला वाहताना सासूबाईच म्हणाल्या, "नदीत सोडण्यापेक्षा हे बरं." तुमच्या घरी कुणाचं मन घेत नसेल तर वाद घालू नका, दुसरी कुंडी करा.

निर्माल्य टाकण्याआधी हार सोडून फुलं ओघळून घ्या. दोरा सुती असला तर तोही कुजतो, पण आता बहुतेक हार नायलॉनच्या दोऱ्यात असतात. जर, मणी, थर्माकोल, गुलाबाच्या देठाची तार, सगळं काढा. पुष्पगुच्छात फुलं खोचायला असतो तो हिरवा स्पंज प्लॅस्टिकचा असतो, तो सुक्या कचऱ्यात. सुती वाती चालतात, तेल निथळलेल्या असल्या तर. कापूर, न जळलेली उदबत्ती, रंगीत कुंकवाचे ढीग नकोत. गणपतीत पत्री, केळीची पानं, मोदकाखालची हळदीची पानं यांनी कुंडी दोन दिवसांत शिगोशीग भरते. त्या दिवसांसाठी पाचोळ्याचं एक पोतं राखून ठेवा. दसऱ्याची झेंडूची तोरणं आणि आपट्याची पानं यांचंही तेच.

कागद, पुठ्ठा आणि 'कंपोस्टेबल' पिशव्या

वर्तमानपत्राचा साधा कागद, तपकिरी पुठ्ठा, अंड्यांचे कागदी ट्रे फाडून टाका, पाचोळा संपला असेल तेव्हा हे उपयोगी पडतात. पुठ्ठ्यावरची चिकटपट्टी आधी ओढून काढा. चकचकीत मासिकं, लग्नपत्रिका, दुकानातल्या गुळगुळीत पावत्या नकोत. चहाच्या कागदी कपांना आतून प्लॅस्टिकचा थर असतो आणि चंदेरी पत्रावळींनाही, म्हणून तेही नाही. पळसाच्या पानांच्या खऱ्या द्रोण-पत्रावळी मात्र टाका. 'कंपोस्टेबल' छापलेल्या पिशव्या मोठ्या प्रकल्पातल्या उष्णतेत कुजण्यासाठी बनवलेल्या असतात. आपल्या बादलीत त्या महिनोन्महिने लोंबतात.

हे कधीच नाही

सॅनिटरी पॅड आणि डायपर: त्यांत प्लॅस्टिक आणि पाणी शोषणारे रासायनिक दाणे असतात. कुत्र्या-मांजरांची विष्ठा: तिच्यातल्या जंतांची अंडी बादलीत मरत नाहीत आणि हाताला लागली तर माणसाला आजार होतो. औषधं. सिगारेटची थोटकं, त्यांचं फिल्टर एक प्रकारचं प्लॅस्टिकच असतं. ओले वाइप्स. प्लायवूडचा भुसा, कारण त्यात डिंकाची रसायनं असतात. साध्या लाकडाचा भुसा मूठभर चालतो. दगडी कोळशाची राख. लाकडाची राख चिमूटभर चालते, ओंजळभर नाही. ती खताचा आम्लपणा पार बदलून टाकते. आणि झाडलोटीचा केर: त्यात धुळीबरोबर कपड्यांचे नायलॉनचे तंतू असतात.

पॅड-डायपर कुठे जाणार हेही सांगते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग वेगळे द्यायला सांगितले होते. पॅड कागदात घट्ट गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळे द्या. आपला कचरा शेवटी कुणीतरी हाताने निवडतं. रोज सकाळी दारात येणाऱ्या ताईंनी मला एकदा तळहातावरची जखम दाखवली होती, कुणाच्यातरी भाजीच्या कचऱ्यातल्या ब्लेडची. त्या दिवसापासून आमच्या घरी ब्लेड आणि फुटलेली काच डब्यात बंद करून, वर लिहूनच दिली जाते.

कुंडीतली आणि बागेतली झाडं

छाटलेल्या फांद्या बोटभर कापून टाका. पिठ्या ढेकूण किंवा बुरशी लागलेलं झाड टाकू नका, बादली त्यांना मारण्याइतकी तापत नाही. हराळी आणि लव्हाळा मुळांसकट टाकले तर खतातच वाढत बसतात, आधी कडक उन्हात आठवडाभर वाळवा. गाजर गवत भारतात पहिल्यांदा नजरेत आलं ते पुण्यातच, १९५५ च्या सुमारास, आणि आज ते मोकळ्या प्लॉटवर सगळीकडे दिसतं. फुलोऱ्याआधी उपटलं तर त्याचं चांगलं खत होतं, फुलं आल्यावर मात्र बी पसरतं. उपटताना हातमोजे घाला, त्याने अंगाला खाज सुटते आणि कित्येकांना दमाही होतो. कडुनिंबाच्या पाल्याला बरेच जण घाबरतात, पण इतर पानांत मिसळून थोडा टाकला तर काही होत नाही.

बादली काय सांगते आहे

सडका वास म्हणजे ओल जास्त, हवा कमी: पाचोळा घाला, उलटापालटा करा. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे हिरवा माल जास्त: पुन्हा पाचोळाच. मुंग्या आल्या तर बादली कोरडी पडली आहे, पाणी शिंपडा. चिलटं उठली तर वरचं पांघरूण कमी पडलं आहे.

अळ्या दिसल्या की लोक हबकतात. मोठ्या, चपट्या, करड्या रंगाच्या अळ्या बहुतेकदा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात. ही माशी घरात अन्नावर बसत नाही आणि तिच्या अळ्या ओला कचरा भराभर खातात. त्यांना मारायला औषध फवारू नका, फवारलेलं औषध जिवाणूंनाही मारतं. पाचोळा वाढवला की त्या आपोआप कमी होतात. झुरळं आणि उंदीर मात्र खपवून घेऊ नका. ते आले तर बादलीत शिजलेलं अन्न जातंय का बघा, भोकांवर बारीक जाळी लावा.

पावसाळा ही खरी परीक्षा. हवाच ओली असते, पाचोळा वाळत नाही आणि कुजणं मंदावतं. बादली पागोळ्यांखालून आत घ्या, झाकण तिरकं ठेवा आणि पाचोळ्याची पोती मे संपण्याआधी कोरड्या जागी बांधून ठेवा. दोन पोती आमच्या घराला ऑक्टोबरपर्यंत पुरतात.

खत काढताना

बादली भरली की वर तीन बोटं पाचोळा घालून, तारीख लिहून बाजूला ठेवा आणि दुसरी सुरू करा. मुरणाऱ्या बादलीत नवीन काही टाकायचं नाही, आठवड्यातून एकदा हलवायचं आणि कोरडी वाटली तर पाणी शिंपडायचं. उन्हाळ्यात दीड-दोन महिने, पावसाळ्यात आणि थंडीत अडीच-तीन महिने लागतात. रंग काळपट झाला, काय टाकलं होतं ते ओळखू येईना, आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास आला की तयार समजा. शंका असेल तर मूठभर ओलं खत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर घाण वास आला तर अजून दोन आठवडे मुरू द्या. कच्चं खत कुंडीत घातलं तर मुळांजवळचा नायट्रोजन तेच ओढून घेतं आणि झाड पिवळं पडतं.

तयार खत सावलीत पसरून अर्धवट वाळवा आणि वाळू चाळायच्या चाळणीने चाळा. एक भाग खताला तीन भाग माती, एवढं कुंडीला पुरतं. नुसत्या खतात रोप लावू नका. चाळणीत वर उरतील त्या काड्या, शेंड्या, अर्ध्या कुजलेल्या साली. त्यांवर जिवाणू भरपूर असतात. त्या सगळ्या गोळा करून पुढच्या रिकाम्या बादलीच्या तळाशी घाला, म्हणजे तिला वेगळं विरजण लागत नाही.